न सोडलेली हवा

भुजंगने मागच्या चाकाला तळहात लावला आणि चटकन मागे घेतला. रबर तव्यासारखं तापलं होतं. राजूर अजून दीड मैल होतं. रेडिएटरमध्ये पाणी घालायला त्याने मोटार लिंबाखाली थांबवली होती, आणि मागच्या सीटवर जगन्नाथराव वकिलांची मुलगी तारा आईच्या मांडीवर डोकं ठेवून, दात आवळून पडली होती.

पहाटेपासून कळा चालू होत्या. भोकरदनच्या तुळजाबाई सुईणीने पोट चाचपलं आणि स्पष्टच सांगितलं होतं, "मूल आडवं हाय. माझ्या हातातलं काम न्हाई हे. जालन्याला डाक्टरीणबाईकडं न्या, आन् जल्दी न्या."

जगन्नाथराव खाली उतरले. वैशाखाचं ऊन डोक्यावर होतं, पण त्यांनी टोपीदेखील घातली नव्हती. त्यांनी चाकाला बोट लावलं.

"केवढं तापलंय हे! थोडी हवा सोड. उन्हात हवा फुगते, ट्यूब फुटते. तहसीलदारांचा ड्रायव्हर रोज दुपारी सोडतो."

"चालल्यावर चाक तापतंच, साहेब. सकाळी थंड्या चाकात मोजून भरलीय. बिलकुल बराबर हाय."

"भुजंग, वाद घालू नकोस. मुलगी आहे माझी आत. चारही चाकांची सोड."

दोन वर्षांमागे, नवशिका असताना, बदनापूरच्या रस्त्यावर भुजंगनेही असंच केलं होतं. चाक कडक लागलं म्हणून भरदुपारी हवा सोडली. चाक मऊ पडलं, रस्त्यावर पोट टेकून घासत राहिलं, आणखी तापलं आणि चौथ्या मैलाला फुटलं. जालन्याच्या करीममिस्त्रींनी फाटकं टायर त्याच्यापुढे टाकून सांगितलं होतं, "गरम चाक की हवा कभी नक्को निकालना. सुबह नापना, ठंडे चाक में." तेव्हापासून रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तो चाकांची हवा मोजायचा.

पण हे सगळं समजावत बसायला वेळ कुठे होता? आणि जगन्नाथरावांनी एकदा सांगितलेलं त्या घरात कोणी फिरवलेलं त्याला आठवत नव्हतं. आतून तारा कण्हली.

भुजंग चाकाशी उकिडवा बसला. साहेबांकडे पाठ करून व्हॉल्व्हचं टोपण काढलं, आतली पिन न दाबता मनात पाचपर्यंत मोजलं आणि टोपण पुन्हा फिरवून बसवलं. मग दुसऱ्या चाकाशी गेला. तिसऱ्या. चौथ्या.

"सोडली, साहेब," तो म्हणाला.

जगन्नाथरावांनी त्याच्याकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, काही विचारतील. पण ते नुसतेच मोटारीत जाऊन बसले.

पुढच्या वाटेवर भुजंगने मोटार कानांनी चालवली. खडीवर चाक जरा वेगळं वाजलं की तो वेग कमी करायचा. आता एखादा खिळा जरी लागला असता, तरी दोष त्याच्या खोटेपणाचाच ठरला असता. बैलगाड्यांना वाट देत, खड्डे चुकवत त्याने मोटार जालन्यात आणली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चारही चाकं शाबूत होती.

दिवेलागणीच्या आत डॉक्टरीणबाईंनी मूल फिरवलं. मुलगी झाली. तारा वाचली.

वकीलसाहेबांच्या घरात भुजंगचा मान वाढला. बारशाला शरयूबाईंनी, ताराच्या आईने, त्याच्या बायकोला लुगडं नेसवलं. तारा त्याला भुजंगदादा म्हणू लागली. आणि जितकी माया मिळे, तितकं त्याला ते लिंबाखालचं खोटं टोचायचं. बायकोला, झुंबरबाईला, त्याने एकदा सगळं सांगितलं.

"बोलून टाका," ती म्हणाली. "पोटात ठिवलेलं आंबतं."

पण पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी झाली, तरी त्याला जमलं नाही.

तारा सासरी बदनापूरला निघायची ती सकाळ आली. आठवडाभरात थंडी एकदम वाढली होती, आणि तशी चाकांतली हवाही बसली होती. भुजंग अंगणात पंप घेऊन बसला होता. जगन्नाथराव शाल पांघरून बाहेर आले आणि पायरीवर उभे राहिले. आजूबाजूला दुसरं कोणी नव्हतं.

"साहेब, एक सांगायचंय." भुजंग उठून उभा राहिला. "राजूरजवळ तुम्ही हवा सोडायला सांगितल्ती. म्या सोडली न्हाई. खोटं बोल्लो तुमच्याशी."

"माहीत आहे."

भुजंगने हातातली नळी खाली ठेवली.

"हवा सुटली की आवाज होतो," जगन्नाथराव म्हणाले. "चार चाकांपाशी बसलास आणि एकदाही फुस्स झालं नाही. मी काय बहिरा आहे?"

"मंग तवाच का न्हाई बोल्ले?"

जगन्नाथरावांनी शाल सारखी केली. ती आधीच सारखी होती.

"सकाळी मोजली म्हणालास, तेव्हाच वाटलं होतं की ह्याला कळतं. पण बोललेला शब्द मागे घ्यायला माझी जीभ वळत नाही. तू खोटं बोललास आणि मला नुसतं गप्प बसायचं उरलं. ते जमलं मला. देवाचे उपकार त्याच दिवशी मानले. तुझे मानायचे राहिले होते."

भुजंग खाली वाकून पंपाची नळी व्हॉल्व्हला जोडू लागला, पण ती नीट बसेना.

"किती कमी आहे?" जगन्नाथरावांनी विचारलं.

"तीन पौंड."

त्यांनी शाल काढून बॉनेटवर टाकली, धोतराचा सोगा खोचला आणि पंपाची मूठ धरली.

"साहेब, राहू द्या, म्या करतो."

जगन्नाथराव पंप मारतच राहिले. पाचसहा दाबांतच त्यांना दम लागला.

तारा बाळाला घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली.

"बाबा, हे काय? भुजंगदादा, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

"सांगून राह्यलो, ताई," भुजंग म्हणाला. "ऐकत न्हाईत."

तारा हसली. पायरी उतरून आली आणि तिने बाळ त्याच्या हातांत दिलं.