खवणी आणि पावसातलं बिल्व

मित्रांनो, मी दात दाखवून बोलते म्हणून रागावू नका. दातांखेरीज माझ्यापाशी दाखवायला दुसरं आहे तरी काय? मी म्हातारी खवणी आहे. कुंभकोणमच्या एका मराठी घरात नारळ खवता खवता माझा जन्म गेला, आणि मजेत गेला.

पापनाशम्‌च्या लोहारानं माझं पातं घडवलं, कानशीनं एकेक दात काढला आणि फणसाच्या बुटक्या पाटावर मला पक्कं बसवलं. पाटावर बसायचं आणि नारळाची वाटी माझ्या दातांवर फिरवायची, एवढंच माझं काम. तंजावरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं तेव्हा दरबाराच्या आश्रयाची पुष्कळ मराठी घरं पांगली; त्यांतलंच आमचं एक. घरधनी हनुमंतराव इंग्रजांच्या कचेरीत कारकून होते. बाहेर तमिळ बोलायचे, उंबरा ओलांडला की मराठी. त्यांच्या बायकोचं नाव महालक्ष्मीबाई. दोघांना मूल नव्हतं. घर नीटनेटकं होतं, पण मला विचाराल तर फार गप्प होतं.

आमच्याकडचा खरा पाऊस दिवाळीच्या सुमारास येतो आणि आला की हटत नाही. अशाच एका पावसात महालक्ष्मीबाईंचा धाकटा भाऊ शामसुंदर एका लहान मुलीचं बोट धरून दारात उभा राहिला. तो समुद्रापलीकडे मनिला नावाच्या बंदरात नोकरीला होता. तिथल्याच एका बाईशी त्यानं लग्न केलं होतं. ती बिचारी साथीच्या तापात गेली. तो स्वतः सदा जहाजांवर, म्हणून पोरगी आईच्याच भाषेत वाढली होती. नाव मात्र त्यानं आपल्याकडचं ठेवलं होतं, पंकजा. तिला बहिणीच्या पदरात घालून तो नोकरीचा निरोप घ्यायला परत गेला.

पंकजा काही खाईना. महालक्ष्मीबाईंनी पावसातलं सगळं करून पाहिलं: मिऱ्याचं झणझणीत रसम्, तूप-मेतकूट घातलेला मऊ भात, आल्याची कढी. पोरगी दोन घास घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. तिचे गाल बसत चालले. मला फार वाईट वाटायचं.

हनुमंतराव धास्तावले. "पाऊस उघडला कीं हिला नागपट्टणच्या पाद्रीबायांच्या आश्रमांत पोंचवूं," ते म्हणाले. "तेथें जहाजांवरचीं माणसं येतात, कोणी तरी हिची भाषा जाणेल. येथें उपाशी राहून पोर हातची जाईल, तर शामसुंदरला काय तोंड दाखवूं?" त्यांनी गाडीवाल्याला सांगूनही ठेवलं.

"पाऊस आहे तंवर राहूं द्या," महालक्ष्मीबाई म्हणाल्या. "कांहीं करून जेववीन मी हिला." त्या दिवसापासून सारी गल्ली ऊन मागत होती आणि त्या एकट्या पाऊस मागत होत्या.

पावसाची सर जोरात आली की पंकजा हळूच म्हणे, "बिलो-बिलो." शेजारच्या सीतालक्ष्मीनं ते ऐकलं आणि हात जोडले. "अय्यो, पोर बिल्व म्हणते कीं हो! मागच्या जन्मीची शिवभक्त आहे ही."

झालं! हनुमंतरावांना सारा उलगडा झाला. पोरीला महादेवाची ओढ लागली म्हणून ती अन्न शिवत नाही. मग तिरुनागेश्वरम्‌हून बेलाच्या पानांची टोपली आली. भिजत भिजत तिला देवळात नेलं, पिंडीवर बेल वाहायला लावला, उशाखाली बेल ठेवला. बेलफळाचं सरबतही पाजलं. पोरीनं असं तोंड केलं की माझे दात आंबले. तुम्ही म्हणाल, ए खवणे, तुला तरी कळायचं होतं. मलाही कळलं नाही, मित्रांनो, उगीच शहाणपण कशाला मिरवू?

मग एका दुपारी पाऊस नुसता कोसळत होता. महालक्ष्मीबाईंनी चटणीसाठी नारळ फोडला आणि मला पुढे ओढलं. तेवढ्यात माजघरात छप्पर गळू लागलं. त्या पातेलं घेऊन तिकडे धावल्या.

कोपऱ्यातली पंकजा माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि घोड्यावर बसावं तशी माझ्या पाटावर बसली. नारळाची वाटी उचलून खवायला लागली. अहो, काय सफाई होती! त्या हातांना हे काम ठाऊक होतं. मनिलातही माझी एखादी बहीण असणार आणि पोरगी तिच्या पाठीवर आईजवळ बसून हेच करत असणार. मला इतका आनंद झाला की मी जास्तच करकरले.

तिनं खोबरं पाण्यात चुरून दूध पिळलं. कोनाड्यात तांदळाच्या पिठीचा डबा होता. दाराशी कोलम्, म्हणजे रांगोळी, काढायची ती पिठी पावसामुळे तशीच पडून होती. तिनं ती दुधात मळली आणि तळव्यांवर इवले इवले गोळे वळू लागली. प्रत्येक गोळा ठेवताना म्हणे, "बिलो. बिलो."

महालक्ष्मीबाई दारात खिळून उभ्या होत्या. मग त्या हसू लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "अगो बाई, बिल्व नव्हे! गोळी म्हणते ही, गोळी!" काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

चूल पेटली. पोरीनं बोटानं केळं दाखवलं, रताळं दाखवलं. नारळाच्या दुधात गूळ विरघळला, गोळे वर आले. महालक्ष्मीबाईंनी चाखलं आणि कपाळावर हात मारला. "हें तर आपलं पाल कोळुकट्टै कीं!" आमच्या गल्लीत घरोघरी होणारा पदार्थ तो. केळं आणि रताळं तेवढं पाहुणं होतं. पंकजानं वाटी पुसून खाल्लं, वाटी पुन्हा पुढे केली आणि त्यातला पहिला गोळा आत्याच्या तोंडात घातला.

तेवढ्यात हनुमंतराव ओलेचिंब होऊन आले. हातात बेलाची आणखी एक टोपली होती. सगळी हकीगत ऐकून ते खाली बसले. "मग हें बिल्व काय करूं?"

"महादेवाला वाहा," महालक्ष्मीबाई म्हणाल्या. "पाऊस त्यानंच लांबवला."

पुढे पाऊस उघडला आणि ठरल्याप्रमाणे गाडी दारात आली. सांगून ठेवलेलं मोडायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. महालक्ष्मीबाई नारळ खवत होत्या, त्यांचा हात थांबला. हनुमंतराव बाहेर गेले. आम्ही दोघी कान देऊन ऐकत होतो.

"नागपट्टण नको," ते म्हणाले. "पापनाशम्‌ला चला. नारळ आणायचे आहेत. पोर खाते हो आमची." नारळ खरं तर गल्लीच्या तोंडाशीच ढिगानं मिळत. पण गाडी गेली, आणि भरून आली.

शामसुंदरही परत आला. पंकजा मोठी झाली, मराठी-तमिळ दोन्ही फडाफडा बोलू लागली. आता माझे दात झिजलेत, पाटाला चीर गेली आहे. रोजच्या कामाला नवी खवणी आहे, मी फळीवर पडून असते. कधी कधी रुसतेही. पण पाऊस लागला की पंकजाची मुलं ओरडतात, "आई, आज बिल्व कर!" आमच्या घरात त्या पदार्थाचं नाव तेच पडलं. मग मला खाली काढतात.

मित्रांनो, काम झालं की माझे दात पुसून कोरडे करत जा. गंज चढला तर मी कुणाच्याच कामाची नाही. आणि तुमच्या घरी कुणी न जेवता भिंतीकडे तोंड करून बसलं, तर त्याला हट्टी म्हणू नका. त्याला स्वयंपाकघरात येऊ द्या.