चौकशीचा माणूस

माझ्या नातीला, राजेश्वरीला, बिझनेस स्कूलमध्ये जायचं होतं. इंजिनीअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, आणि तिथं कुणीतरी तिच्या डोक्यात हे भरवलं. परीक्षेत मार्क चांगले पडले, पण तेवढ्यावर भागत नाही म्हणे. निबंध लिहावा लागतो. चार माणसांना बरोबर घेऊन तुम्ही काय बदललंत, ते सांगायचं.

त्यासाठी तिनं सांगलीत एक सर गाठले. सरांनी लिहून दिलेला निबंध तिनं मला मराठी करून वाचून दाखवला. त्यात तिनं कवठे महांकाळ तालुक्यातल्या शेकडो बायकांची संघटना उभी केली होती, आणि अडाणी आजीला पाटी-पेन्सिल दिली होती.

"आगं, मी शिकले तवा तुझा बाप बारावीला हुता," मी म्हटलं. "ही कुठली आजी म्हनायची?"

"सर म्हणतात, असं लिहिलं की उठून दिसतं."

चाळिशी उलटल्यावर मी साक्षरता वर्गात बसले. उशिरा शिकल्यामुळं असेल, पण लिहिलेल्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. हे लिहिणाऱ्याला काय पाहिजे, हे मी आधी बघते. मी तिला म्हटलं, "घडलं न्हाई ते लिवू नगंस. उद्या कोन इचारत आला म्हंजी?"

तिनं सरांचा निबंध टाकून दिला आणि बेदाण्याच्या शेडची गोष्ट लिहिली. ती खरी होती. नोकरी लागायच्या आधी ती एक हंगाम माझ्याबरोबर बेदाणा निवडायला यायची. मुकादम गुंडा एकाच टेम्पोत बायका अशा कोंबायचा की फळीला लटकून जावं लागायचं. एकदा वळणावर रंगुबाई खाली पडली, हात मोडला. दुसऱ्या दिवशी राजेश्वरी टेम्पोपुढं बसली. तिच्या मागं आम्ही बसलो. गुंडानं शिव्या दिल्या, मालकाला बोलावलं, पण दुसरी गाडी लावल्याशिवाय कोणी उठलं नाही.

त्या निबंधावर तिची निवड झाली. अट एकच होती. लिहिलेलं खरं आहे का ते स्कूल तपासून घेणार, आणि खोटं निघालं तर जागा रद्द. तिलाच फोनवर विचारतील, असं तिला वाटलं होतं, म्हणून ती आम्हाला काही बोलली नाही.

त्याच सुमारास कोरेगावकडचं एक स्थळ तिला सांगून आलं होतं. मध्यस्थ म्हणाला होता, "मानूस गुपचूप येऊन बघून जाईल, तयारीत ऱ्हावा."

मग एक दिवस मोटरसायकलवरून एक तरणा माणूस गावात आला. पाठीला बॅग, पायात पॉलिशचे बूट. बाळासोच्या टपरीवर चहा घेता घेता त्यानं राजेश्वरीचं नाव काढलं. टपरीवरच्यांनी एकमेकांकडं बघितलं. चौकशीचा माणूस! आमच्याकडं पोरीची चौकशी आली की अख्खं गाव एक होतं. वैर असलं तरी कोणी वाकडा शब्द बोलत नाही. पोरीचं जुळू द्यावं.

"लय गरीब पोर," बाळासो म्हणाला. "वर मान करून बोलत न्हाई."

"टेम्पो अडवला होता म्हणे तिनं?"

"छ्या! कोन सांगितलं? बायका बसल्या असत्याल, ही कशाला जातीया रस्त्यावर?"

तिथून तो रंगुबाईकडं गेला. मोडून वाकडा बसलेला हात पदराखाली लपवून ती म्हणाली, "मी कवा पडले? टेम्पो तर लय झ्याक हुता, बाबा."

मग तो माझ्या दारात आला. मी पाणी दिलं आणि त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"पावणं कुठलं?"

"साताऱ्याचा. देवदत्त माझं नाव."

सातारा म्हणजे कोरेगाव शेजारीच. "कुनाकडनं आलायसा?"

"कंपनीकडून. थोडी माहिती हवीय."

इथं माझी खात्री पटली. चौकशीला आलेला माणूस खरं कधीच सांगत नाही. कोणी विम्याचा एजंट होऊन येतो, कोणी बैल बघायला. माझ्या वेळेला आलेला तर विहिरीचं पाणी बघणारा होता.

"तुमच्या नातीनं बायकांचं पुढारपण केलं होतं का, आजी?"

बघा कसा खोदून विचारतो, मी मनात म्हटलं. भांडखोर पोरगी आहे का ते काढून घ्यायचंय याला.

"आमची पोर कुनाला उलट बोलली न्हाई," मी म्हटलं. "म्या न्ह्यावं तिकडं जावं, म्या बसवावं तिथं बसावं."

त्यानं मोबाइलवर काहीतरी टिपलं, स्वतःचा नंबर ठेवला आणि गेला.

संध्याकाळी राजेश्वरीचा फोन आला. मी मोठ्या कौतुकानं सगळं सांगितलं.

"आज्जी," ती म्हणाली, "तो लग्नाचा नव्हता. निबंध खरा आहे का बघायला आला होता. तूच म्हणालीस ना घडलं तेच लिही म्हणून? मग घडलंच नाही असं कसं सांगितलंस?"

सकाळ झाल्याबरोबर रंगुबाईला बोलावून घेतलं आणि त्या देवदत्तला फोन लावला.

"आवं, चुकलं आमचं. आमाला वाटलं तुमी पोराकडचं. टेम्पो तिनंच अडवला."

"काल तुम्ही वेगळं सांगितलंत."

"माजा हात मोडला हुता, सायेब!" रंगुबाई फोनमध्ये ओरडली.

"काल मोडला नव्हता," तो थंडपणे म्हणाला. "रात्रीत मुलीनं फोन करून पढवलं असेल. आता मी खरं कुठलं धरू? दुपारी रिपोर्ट पाठवायचाय."

त्याचं तरी काय चुकलं? मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. आता गावानं कितीही शपथा घेतल्या तरी त्या पोरीच्या माणसांच्याच शपथा. मी विचार केला, या संशयी माणसाला पटेल असं कोण आहे? जो तिचं चांगलं कधीच बोलणार नाही, असाच माणूस पाहिजे.

आम्ही दोघी गुंडाच्या दारात गेलो. तो नळीनं टेम्पोवर पाणी मारत होता. बघितल्याबरोबर त्याच्या कपाळाला आठ्या.

"आता काय आनि? तिसरी गाडी?"

"न्हाई रं. राजेश्वरीनं काय केलं हुतं तेवढं फोनवर एका सायबाला सांग."

"म्या? तिच्या नावानं?" त्यानं डोळे बारीक केले. "केस करताय व्हय माज्यावर?"

"केस न्हाई. मनात हाय ते बोल."

मी परत देवदत्तला फोन लावला आणि आवाज मोठा करून गुंडाच्या तोंडापुढं धरला. देवदत्तनं कोण बोलतंय ते विचारलं आणि मग गुंडा सुटला.

"लय आगाव पोरगी! तासभर म्हनता म्हनता दोन दिस टेम्पो जागचा हालू दिला न्हाई. मालकापुढं बोट नाचवून बोलली. गरीब गाईवानी बायका माज्या, समद्या बिघडवल्या! ही रंगी कवा माज्याकडं वर बघत नव्हती, आता गाडीत जागा न्हाई म्हनून मला खाली उतरीवती!"

रंगुबाई पदरात हसायला लागली. मी तिला कोपर मारलं.

देवदत्तनं त्याला खूप काही विचारलं. कुठलं वळण, कोण बसलं होतं, मालक काय म्हणाला. गुंडा प्रत्येकाला एक शिवी जोडून उत्तर देत गेला. शेवटी तिकडून प्रश्न आला, "ती परत कामाला आली तर घ्याल का?"

गुंडानं माझ्याकडं बघितलं, रंगुबाईकडं बघितलं. नळी तशीच वाहत होती.

"कामाला न्हाई घेनार," तो म्हणाला. "आली तर तिलाच मुकादम करा म्हनावं मालकाला. बायका तिचं ऐकत्यात. मी टेम्पो चालवीन."

पलीकडं तो माणूस पहिल्यांदा हसला. "एवढं पुरे," म्हणाला आणि फोन ठेवला.

गुंडानं मला मोबाइल परत दिला. "आक्का, खरं सांग, पोराकडचाच हुता न्हवं? आता मोडलं बघ लगीन."

मोडलंच. गुंडाचं बोलणं कोरेगावपर्यंत पोचायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत, आणि मध्यस्थ परत फिरकला नाही. राजेश्वरी जूनमध्ये बिझनेस स्कूलला गेली.