दाजींच्या छातीवरचा सीटबेल्ट

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. ‘अपघाताच्या वेळी चालकाने सीटबेल्ट लावलेला नव्हता’ असं तुम्ही विमा कंपनीला कळवलंत, आणि कळवताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही. तुम्ही गाडीत होतात का? मी होतो. मी तोच सीटबेल्ट आहे. जुना आहे, विटलेला आहे, आता तर कापलेलाही आहे. पण त्या सकाळी मी कोणाच्या छातीवर होतो हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

मित्रांनो, माझी हकिगत तुम्ही ऐका. साहेबांनाही ऐकावी लागेल, त्यांचा इलाज नाही.

माझा जन्म मागावर झाला. बारीक पण चिवट धाग्यांचा मी रुंद पट्टा. माझ्याबरोबर विणलेल्या काही भावांना यंत्राला बांधून तुटेपर्यंत ओढलं. ते किती सोसतात ते पाहून मग आम्हा बाकीच्यांना पास केलं. म्हणजे मी नोकरीला लागण्याआधीच माझे भाऊ कामी आले होते. कोणाचा जीव वाचवणं ही काय चीज आहे हे मला तिथेच समजलं. काही माणसांना ते खुर्चीत बसून जन्म गेला तरी समजत नाही.

मला एका पांढऱ्या व्हॅनमध्ये चालकाच्या सीटला बसवलं. ज्या देशात ही व्हॅन धावायची तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, म्हणून स्टेअरिंग डावीकडे. मी डाव्या खांद्यावरून निघून छातीवर तिरका उतरायचो, उजव्या कमरेपाशी खटक्यात अडकायचो आणि पोटावरून परत डावीकडे जायचो. माझे पहिले मालक एक म्हातारे नळ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. किल्ली फिरवण्याआधी ते मला लावायचे आणि घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं मला थोपटायचे. ते दिवस बरे होते.

मग व्हॅन साहेबांच्या कंपनीने घेतली. कंपनीचं काम म्हणजे ऑफिसं उघडण्याआधी झाडून-पुसून देणं. झाडणाऱ्या बायका परदेशातून आणलेल्या, गाडी हाकणारेही तसेच, आणि साहेबही त्यांच्याच मुलखातले, त्यांचीच भाषा बोलणारे. ‘आपला माणूस आहे’ म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. आपल्या माणसाने मारलेली कुऱ्हाड जास्त खोल जाते, ती कुठे लागते हे त्याला माहीत असतं.

आल्या आल्या साहेबांनी मागे एक जादा बाक ठोकून घेतला. त्या बाकाला एकही पट्टा नाही. मग साहेबांनी चालकांना एकेक लोखंडी पट्टी वाटली. पुढे खटक्यात बसणारं टोक, मागे काहीच नाही. ती खटक्यात खुपसली की गाडीला वाटतं पट्टा लावला, आणि टूं-टूं ओरडणं बंद.

“दर इमारतीपाशी उतरायचं, पट्टा बांधा, पट्टा सोडा, यात सकाळ जाते,” साहेब म्हणाले. “ही वापरा. आणि नोकरी सोडताना परत द्यायची, कंपनीचा माल आहे.”

तेव्हापासून मी खिडकीशी लोंबकळत राहिलो. एकाने माझ्यावर ओला नॅपकिन वाळत घातला. दुसरा पोलीस दिसला की मला छातीवर ओढून हाताने धरून ठेवायचा आणि चौक मागे पडला की सोडून द्यायचा. मला माझीच लाज वाटायची.

मग दाजी आले. ते काही सगळ्यांचे खरे दाजी नव्हेत. त्यांची बायको त्याच व्हॅनमधून कामावर जायची, सगळ्या बायका तिला ताई म्हणायच्या, म्हणून तिचा नवरा आपोआप सगळ्यांचा दाजी झाला. मायदेशी दाजींनी आयुष्यभर ट्रक हाकलेला, उजवीकडे बसून. इथे त्यांचे हातच ऐकेनात. वळायचा दिवा लावायला जायचे आणि कोरड्या काचेवर वायपर फिरायचे. मला घ्यायला हात उजव्या खांद्यावर न्यायचे, आणि तिथे नुसती हवा.

“दाजी, पाहुणे डावीकडे बसलेत!” मागून बायका ओरडायच्या.

“बसू दे. पाहुण्याचं काम नाहीच आपल्याला,” दाजी म्हणायचे आणि ती लोखंडी पट्टी खुपसायचे.

एका सकाळी ताई मागच्या बाकावरून उठली, पुढे वाकली आणि पट्टी उपटून काढली.

“अहो, हा पट्टा काय शोभेला आहे?”

“अगं, इथे चढ, तिथे उतर. किती वेळा बांधू?”

“पायजम्याची नाडी दिवसातून किती वेळा बांधता? तिचा नाही कंटाळा येत?”

गाडीभर हशा पिकला. ताई हसली नाही.

“परक्या मुलखात मला एकटीला टाकून जायचा बेत असेल तर आताच सांगा. मी दुसऱ्या गाडीने जाते.”

दाजींचा हात आधी उजवीकडे गेला, मग वळला, मग मला ओढून खटक्यात बसवलं. त्या दिवसापासून एक खेप चुकली नाही. ती लोखंडी पट्टी मात्र त्यांनी स्टेअरिंगजवळच्या खणात ठेवून दिली. “फेकून द्या ना ती,” ताई म्हणायची. “कंपनीचा माल आहे, परत मागतील,” दाजी म्हणायचे. मित्रांनो, या माणसांचा हाच दोष. मालकाने विष दिलं तरी ते बाटलीसकट जपून ठेवतील, हिशेब लागावा म्हणून!

आता अपघात. बायकांना सोडून रिकामी गाडी परत येत होती. सिग्नल आमचा हिरवा होता. आडव्या रस्त्याने मालाचा एक ट्रक थांबायचं सोडून तसाच घुसला आणि आमच्या दारावर आदळला. मी तिथल्या तिथे आवळलो. ज्या क्षणासाठी माझे भाऊ तुटले होते तो क्षण हाच. दाजींचं डोकं काचेवर गेलं नाही, छाती स्टेअरिंगवर गेली नाही. पण दार आत चेपलं होतं आणि त्यांचा डावा खुबा त्यात सापडला. तो वाचवणं माझ्या हातात नव्हतं.

दाजी बेशुद्ध होते. अग्निशमन दलाचा माणूस आला. त्याने माझ्याखाली आकडीचा चाकू सरकवला आणि मला खांद्याजवळ कापलं, मग डाव्या कमरेजवळ कापलं. मी कण्हलो नाही. मला कापल्याशिवाय दाजी निघणार नव्हते. माझा तुकडा खटक्यात अडकलेला तसाच राहिला.

व्हॅन भंगाराच्या आवारात जाऊन पडली. पुढचं मी पाहिलेलं नाही, ताईने आवाराच्या राखणदाराला सांगितलं ते ऐकलं. हॉस्पिटलने पहिलं ऑपरेशन लगेच केलं, जीव वाचवला. पण खुबा नीट बसवायला दुसरं ऑपरेशन हवं. ते झालं नाही तर दाजी पुन्हा उभे राहणार नाहीत, आणि ते विमा कंपनीने होकार दिल्याशिवाय होणार नाही. विम्याचा तपासनीस हॉस्पिटलमध्ये आला. त्याला दाजींची भाषा येत नव्हती, म्हणून दुभाषा म्हणून आले कोण? साहेब.

तपासनिसाला गाडीच्या खणात ती लोखंडी पट्टी सापडली होती, आणि ती मिळाल्यावर चेपलेल्या सीटच्या खटक्याकडे त्याने पाहिलंच नव्हतं. त्याने विचारलं, तुम्ही पट्टा लावला होता तर तो कोणत्या खांद्यावर होता? दाजी वेदनेच्या औषधात बुडालेले. अर्धवट शुद्धीत माणूस कुठे जातो? घरी जातो. दाजी मायदेशच्या ट्रकमध्ये जाऊन बसले आणि म्हणाले, “उजव्या.”

साहेबांनी तेवढंच भाषांतर तत्परतेने केलं. लोखंडी पट्टी कंपनीने वाटली होती, हे मात्र त्यांना कोणत्याच भाषेत सांगता आलं नाही.

ताईने तिथेच दाजींचा सदरा वर केला. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत काळानिळा वळ.

“साहेब, हे सांगा ना त्यांना.”

“अगं, वळ कशानेही उठतो. स्टेअरिंगचा असेल.”

“स्टेअरिंग गोल असतं साहेब. हा वळ तिरका आहे.”

साहेबांनी तपासनिसाला सांगितलं की बाई घाबरली आहे, आणि चालकाने सीटबेल्ट लावलेला नव्हता असं लिहून दिलं. विम्याचा नकार आला. कंपनीने दाजींच्या परतीच्या विमानाची तयारी सुरू केली. मोडलेला माणूस मायदेशी धाडला की इथे कचरा दिसत नाही. सफाईचंच काम ना तुमचं!

वळ फिका पडत गेला. म्हणून ताई मला शोधत आली. व्हॅन यंत्रात दाबून चपटी करायला नेणारच होते. राखणदाराला तिचं बोलणं अर्धंमुर्धंच कळलं, पण त्याने कापलेली टोकं पाहिली, खटका पाहिला आणि न बोलता पाना आणून दिला. ताईने खटका मुळासकट खोलला. तांबडं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं. ते दाबलं असतं तर मी सुटलो असतो आणि सगळं संपलं असतं. तिने अंगठा जपून बाजूला घेतला.

आणि आज मी इथे आहे, साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी.

“हे काय भंगार आणलंस?” साहेबांनी विचारलं.

“भंगार तुम्ही म्हणता. मी तपासनिसालाही दाखवणार आहे, यावेळी दुसरा दुभाषा घेऊन. म्हटलं आधी आपल्या माणसाला विचारावं.”

साहेबांचा फोन वाजला नव्हता, तरी त्यांनी तो कानाला लावला.

मित्रांनो, तुम्ही कुठल्याही देशात असा, रस्त्याच्या कुठल्याही बाजूने जा, गाडीत बसलात की आम्हाला आधी जवळ करा. पुढे बसा नाहीतर मागे. आणि पट्टा नसलेल्या बाकावर कोणी बसायला सांगितलं तर त्याच्या तोंडावर ‘नाही’ म्हणा. ताईसारखी माणसं प्रत्येक गाडीत नसतात. आम्ही खिडकीशी लोंबकळत राहिलो तर नुसतं कापड आहोत.

साहेब, आता फोन खाली ठेवा आणि माझ्याकडे बघा. मी खटक्यात घट्ट अडकलेला आहे आणि माझी दोन्ही टोकं चाकूने कापलेली आहेत. अग्निशमनवाला वेडा नव्हता, रिकाम्या सीटचा पट्टा कोणी कापत नाही. तर मग सांगा, तोंड उघडा आणि सांगा: दाजींना मी धरलेलं नव्हतं, तर मला कापून त्याने बाहेर काढलं कोणाला?