ओला रंग

"ह्यानं किती चौरस फूट होतं?" बाबांनी विचारलं.

काउंटरवरच्या मुलीनं हातातल्या ब्रशकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिलं. छताला फिकट पांढरा रंग होता, एकच हात मारलेला. रंगाऱ्याचा मुलगा असल्यामुळे असल्या गोष्टी मला कळतात. नोकरी टिकवायला त्यांचा उपयोग होत नाही.

"काका, हा चेहऱ्याचा ब्रश आहे. फाउंडेशनचा," ती म्हणाली. "चेहऱ्याला चौरस फूट नसतात."

"असतात," बाबा म्हणाले. "कमी असतात."

बाबांनी घरं रंगवली, शाळा रंगवल्या, एकदा तुरुंगही रंगवला. तुरुंगाचं काम त्यांना सगळ्यात आवडलं होतं, कारण तिथं मालकीणबाई मध्येच येऊन रंग बदला म्हणत नाहीत. पण मेकअपच्या दुकानात ते आयुष्यात पहिल्यांदाच आले होते, आणि माझ्यासारखा पुरुष सोबतीला असल्यामुळे आम्ही दोघं मिळून चोर वाटत होतो.

कारण आई होती. महिन्यापूर्वी झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. गेली म्हणजे जागेवरच होती, फक्त कामावर येत नव्हती. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज व्यायामाला आणा, पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल तेच येईल, नंतर वाट बघण्यात अर्थ नाही. आणि आई घराबाहेर पडायला तयार नव्हती. चादर नाकापर्यंत ओढून पडून राहायची. वरून फक्त दोन डोळे दिसायचे, तेही रागावलेले.

आईच्या चेहऱ्यावर कोड होतं. हे वाक्य आमच्या घरात कधीच कुणी उच्चारलेलं नाही. मला ते लहानपणीच कळलं. कसं कळलं ते आठवत नाही. घरात कुठं गळतंय हे कळतं, तसंच. लग्नानंतर वर्षभरात पहिला डाग उमटला म्हणे. तेव्हापासून ती सगळ्यांच्या आधी उठायची, न्हाणीघराची कडी लावायची आणि चेहरा तयार करूनच बाहेर यायची. बस डेपोत चौकशीच्या खिडकीत तिनं नोकरी काढली. काचेपलीकडून दिवसभर लोक तोंडाकडे बघत गाड्यांच्या वेळा विचारायचे, आणि एकालाही कधी शंका आली नाही. बाबांनासुद्धा ठाऊक नाही, अशी तिची समजूत होती.

आता उजवा हात गेला होता. डाव्या हातानं तिनं एकदा प्रयत्न केला, तर फाउंडेशन कानात गेलं. बाबा म्हणाले, मी बोटानं लावतो. पण टर्पेंटाइन आणि पॉलिशपेपरनं त्यांची बोटं अशी झालीत की दाराला हात लावला तर दार गुळगुळीत होतं. चादरीखालून गालाला नुसतं बोट टेकवलं, तर ओरखडा उठला. आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, तोंड झाल्याशिवाय मी कुठंही येणार नाही, इथंच मरेन. जीभ जड झाली होती, पण एवढं स्पष्ट आलं.

म्हणून ब्रश.

काउंटरवरच्या मुलीनं तीन मांडले. एक चपटा. भरभर होतं, पण रेषा उमटतात. एक गोल, केस दाट आणि आखूड. सगळीकडे सारखं बसतं, पण माल पितो. तिसरा मऊ, केस विरळ, मोराच्या पिसासारखा. त्यानं अगदी पातळ बसतं, चार-चार वेळा फिरवावं लागतं, वेळ फार जातो. बाबांनी तिन्ही ब्रश तळहातावर फिरवून पाहिले. तळहाताला काहीच कळेना, म्हणून माझ्या गालावर फिरवले. एक बाई आपलं लहान मूल घेऊन दुसऱ्या काउंटरला गेली.

शेवटी तिन्ही घेतले. रंगारी माणूस आधी कोपऱ्यात नमुन्याचा पट्टा मारून बघतो. आमच्या घरचा कोपरा मी. रात्री माझ्या चेहऱ्यावर तीन पट्टे मारण्यात आले आणि सकाळी पाहू म्हणून तसेच ठेवण्यात आले. सकाळी मी ते विसरलो. ऑफिसात चेहरा बघून हजेरी लावणारं यंत्र आहे. त्यानं मला ओळखलं नाही. साहेबांनी ओळखलं, पण त्यांनी यंत्राची बाजू घेतली.

पहिल्या दिवशी दिवा धरायला बाबांनी मला आत घेतलं. आईनं डाव्या हातानं चादर घट्ट धरली होती.

"तुम्ही डोळे मिटा," ती बाबांना म्हणाली.

"डोळे मिटून कसं लावू?"

"मग नको."

बाबा स्टुलावर बसले. बराच वेळ बाटली हलवत राहिले, डबा ढवळावा तसे. मग बाटलीकडेच बघत म्हणाले, "उशीचे अभ्रे कोण धुतं आपल्याकडे?"

आईनं चादर आणखी वर ओढली.

"मी धुतो. लग्नापासून. रोज तुझा रंग उतरतो त्यावर. मला काय वाटत असेल, उशीचा रंग जातोय?"

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला लाथा मारत होतं, आणि ती सुरू होत नव्हती. आईनं चादर सोडली.

मी दिवा धरला होता, त्यामुळे बघणं भाग होतं. ओठांच्या कडांना, डोळ्यांभोवती, हनुवटीवर पांढरे भाग होते, नकाशावर बेटं असतात तसे. बाबांनी चेहरा बघितला तो कामाच्या नजरेनं. कुठून सुरू करायचं, एवढंच. त्याबद्दल आईनं त्यांना काय काय माफ केलं असेल ते तिलाच ठाऊक.

गोल ब्रश डाव्या गालाला टोचला, आईनं तोंड आक्रसलं. चपट्यानं कपाळावर रेषा उठल्या. मऊ ब्रश चालला. बाबा एक हात मारायचे, थांबायचे, वर्तमानपत्रानं वारा घालायचे, बोटाच्या मागच्या बाजूनं सुकलंय का बघायचे, मग दुसरा हात. भिंतीला असंच करतात. अर्ध्या तासात अर्धा चेहरा झाला. दवाखान्याची वेळ टळायला आली होती. मी हळूच म्हणालो की उजवीकडे चपट्यानं पटकन उरकून घ्या, त्या बाजूला तिला कळत नाही.

"मला कळतं," बाबा म्हणाले, आणि मऊ ब्रश उजव्या गालावर फिरवू लागले.

झाल्यावर आरसा दाखवला. आईनं खूप वेळ पाहिलं. चेहरा एकसारखा झाला होता, जरा जास्तच. नव्यानं रंगवलेल्या सरकारी इमारतीसारखा.

"कपाळावर पाटी लावा," ती म्हणाली. "ओला रंग. हात लावू नये."

आजारी पडल्यापासूनचा तिचा हा पहिला विनोद. तोंडाची एकच बाजू हसली. बाबांनी लगेच सांगितलं की हसू नकोस, सुकेपर्यंत भेगा पडतील.

मग रोज तसंच. बाबांनी सकाळची कामं घेणं बंद केलं. व्यायाम करून घेणारे डॉक्टर आईच्या हातात रबरी चेंडू द्यायचे, आई तो सोडून द्यायची. बाबा वाकून उचलायचे. काही आठवड्यांनी बोटं चेंडूवर जराशी वळली. त्या दिवशी बाबांनी परतताना रिक्षावाल्याला विनाकारण सांगितलं की ही माझी बायको. रिक्षावाला म्हणाला, बरं.

ती पुन्हा स्वतःच्या हातानं चेहरा करेल, असं आम्हाला वाटू लागलं होतं. डॉक्टरांनाही वाटत होतं. आईला काय वाटत होतं ते तिनं सांगितलं नाही.

दुसरा झटका झोपेतच आला. सकाळी बाबा बाटली आणि ब्रश घेऊन तिला उठवायला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पुढचं सगळं भराभर झालं. घरात माणूस जिवंत असताना जे डॉक्टर कधी वेळेवर यायचे नाहीत, ते आले. मावशी आली. गाडी आली. ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं होतं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आयुष्यभर तिनं आईच्या कांतीचं कौतुक केलेलं. ती दारावर हात मारत होती, मला बघू द्या म्हणत होती. बाबांनी आतून कडी लावली होती आणि मला आत ठेवलं होतं, दिवा धरायला.

"लवकर करा, भाऊजी," मावशी बाहेरून म्हणाली. "गाडी थांबलीये. आता काय आवरायचंय तिचं?"

मी डब्यातून ब्रश काढून दिला. चपटा. घाई होती, आणि आता दोन्ही बाजू सारख्याच होत्या. बाबांनी तो घेतला नाही. हात तसाच पुढे धरून ठेवला. मी चपटा परत ठेवला आणि मऊ दिला.

त्यांनी डोळ्यांभोवती सुरुवात केली. पातळ हात, मग थांबायचं. बाहेर हॉर्न वाजला, मावशी कुणावर तरी ओरडली. मग दुसरा हात. ओठांच्या कडेला ते नेहमीच श्वास रोखायचे, आताही रोखला. हनुवटी झाली. गळ्यापाशी रंग विरून गेला, कुठं संपला ते दिसेना. बाबा जरा मागे सरकले, मान तिरपी करून पाहिलं आणि मला कडी काढायला सांगितलं.

मावशी आत आली. एवढा वेळ ओरडणारी बाई उंबऱ्यातच गप्प झाली. झोपल्यासारखीच दिसतेय, ती म्हणाली, बघ, अजून कशी दिसतेय. मग खाली वाकली आणि गालावरून फिरवायला हात पुढे केला.

बाबांनी तिचं मनगट धरलं.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "ओलं आहे अजून."

मावशीनं हात मागे घेतला. बाबा स्टुलावर बसले, वर्तमानपत्राची घडी घातली आणि हळूहळू वारा घालू लागले. आम्ही सगळे उभे राहिलो. थोड्या वेळानं खाली ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.