धाकटीचा दात

लहानपणी त्या जुळ्या म्हणजे एकीला झाकावं नि दुसरीला काढावं. प्रत्यक्ष आई फसायची. धाकटीचं कडू औषध थोरलीच्या पोटात जायचं, आणि आजारी बया कोपऱ्यात बसून खुदुखुदु हसायची. मग थोरली जिन्यावरून पडली, पुढच्या दाताचा कोपरा उडाला आणि आईची कटकट मिटली. दोघींना समोर उभं करून ती म्हणायची, "दात दाखवा गं!" मोडका दात तो थोरलीचा.

गेल्या वर्षी धाकटी तापाचं निमित्त होऊन गेली. तेव्हापासून आई थोरलीकडे बघायची ते थेट तोंडाकडे. मोडका कोपरा दिसला की तिचे डोळे भरून यायचे. थोरलीने आपल्या परीने अर्थ लावला. आईला क्षणभर वाटतं धाकटीच आली, आणि हा दात सांगतो, नाही, ही दुसरी आहे; जिच्यावाचून चाललं असतं ती. असलं काही कुणाला बोलून दाखवता येतं थोडंच! तिने ते मनात ठेवलं आणि एक दिवस दातांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या.

बाईंनी तिला खिडकीशी उभं केलं. दात सुकला की उगाच पांढरा दिसतो, म्हणून तो ओला असतानाच निरनिराळ्या छटांचे नमुने शेजारी धरून पाहिले.

"हसतानाचा जुना फोटो आहे का? आकार तंतोतंत जमेल."

थोरलीने धाकटीचा फोटो पुढे केला.

"अरे वा! म्हणजे अलीकडेच मोडला वाटतं?"

"हो," थोरली म्हणाली, "गेल्या वर्षी."

बाईंनी दाताच्या रंगाचा मऊ मसाला थोडा थोडा लावला, प्रत्येक थर निळ्या दिव्याखाली कडक केला. मध्येच फोटो बघून कोपरा जरासा गोल घासला. मग पॉलिश करून आरसा हातात दिला. आरशात धाकटी होती. थोरलीने आरसा पटकन पालथा केला.

"आवडला नाही का?"

"आवडला," ती कसंबसं म्हणाली.

घरी आई चादरीच्या घड्या घालत होती. थोरली दारात उभी राहून हसली. आईच्या हातातली चादर गळून पडली.

"धाकटे?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. त्याचसाठी तर एवढा खटाटोप! पण थोरलीचं हसू मावळलं. आई पुढे आली, तिची हनुवटी धरली.

"दात दाखव."

थोरलीने ओठ उघडले. पण उघडताच तिची जीभ त्या कोपऱ्याला लागून आली. मोडक्या दाताची धार चाचपायची ही तिची लहानपणापासूनची खोड. आई मटकन खाली बसली.

"थोरलीच आहेस. केवढी घाबरले गं मी!"

"घाबरलीस? मला वाटलं, ती दिसली तर तुला बरं वाटेल. रोज माझा दात बघून रडतेस ना…"

"अगं वेडे! स्वप्नात तुम्ही दोघीही जाता. सकाळी उठून आधी तो मोडका दात बघते. म्हणते, आहे, एक तरी आहे माझी. म्हणून रडू येतं."

थोरलीने आईच्या मांडीत तोंड खुपसलं आणि वर्षभराचं रडून घेतलं.

"उद्याच काढून टाकते हा नवा कोपरा," ती हुंदके देत म्हणाली.

"राहू दे," आई तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "जीभ तेवढी लावत जा."