बेंबीवरची पट्टी

कमरुन्निसाबींचा संशय एकदा कुणावर बसला की तो उठायचं नाव घेत नसे, आणि या वेळी तो भिकाबाई सुईणीवर बसला होता.

दोन महिन्यांच्या मकबूलची बेंबी फुगून बोराएवढी वर आली होती. लेकरू रडलं की आणखीच वर यायची. वसमतच्या हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातला हा कमरुन्निसाबींचा एकुलता एक नातू. त्याची नाळ भिकाबाईनं कापली होती. त्याच्या बापाची, जमीलचीही तिनंच कापली होती, पण ते आता कोण आठवतं!

डॉक्टर व्यंकटराव बैठकीत आले. जमीलच्या मांडीवरच्या लेकराची बेंबी त्यांनी आत दाबली, पोटाची कातडी दोन्हीकडून जवळ ओढली आणि वरून रुंद चिकटपट्टी ताणून लावली. "पट्टी हलता कामा नये. पोटाला तेलाचं बोटही लावायचं नाही," ते पडद्याकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले. पडद्याआड कमरुन्निसाबी आणि सून शरीफा, दोघींनी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी पट्टी सुटली. दुसरी लावली, तीही दुपट्यात सापडली.

पट्टीला काय पाय फुटतात? लेकराला न्हाऊ घालायला रोज कोण येतं? भिकाबाई! कमरुन्निसाबी न्हाणीच्या दारात पाट टाकून बसू लागल्या. भिकाबाई हातपाय चोळी, पाठ चोळी, पोट मात्र कोरडं ठेवी. हे तर त्यांना जास्तच खटकलं. समोर एवढी जपते म्हणजे माघारी नक्की काहीतरी करते. डॉक्टरची पट्टी टिकली तर हिला कोण विचारणार?

तिसरी पट्टी सुटली तशी त्यांनी भिकाबाईला अंगणात उभं केलं. आवाज अख्ख्या गल्लीत गेला.

"काहून पट्टी काढून राहिलीस? नाळ बिघडवली, आता इलाजबी बिघडवतीस?"

"बीबी, म्या पोटाला हात न्हाई लावला. पर तुमी सांजच्याला जे लावता…"

"माझ्यावर ढकलतीस? हे हात पुन्हा माझ्या नातवाला लावू नको!"

भिकाबाईनं हात पदराला पुसले आणि ती गेली. त्या दिवसापासून गल्लीतल्या एकाही बाळंतिणीनं तिला बोलावलं नाही.

आता न्हाऊ घालायला शरीफाच होती. तरी चौथी पट्टी सुटली. डॉक्टरांनी ती बोटांत चोळली, हुंगली.

"जमीलमियाँ, कडेनं आत तेल गेलंय. रोज कोणीतरी लावतंय."

पडद्याआड कमरुन्निसाबींनी सुनेकडे रोखून पाहिलं. शरीफा कोनाड्यातल्या शिशीकडे बघत होती. त्यात दर्ग्यावरून दुवा फुंकून आणलेलं तेल होतं. रोज सांजेला नातवाला मांडीवर घेऊन कमरुन्निसाबी त्यातला थेंब बेंबीपाशी, पट्टीच्या कडेला सोडत.

"ते काय तेल हाय?" त्या पुटपुटल्या. "ती दुवा हाय."

"व्हय, अम्मी."

"तुला ठावं व्हतं? मंग बोलली काहून न्हाईस?"

"भिकाबाई बोलली व्हती. तिचं काय झालं ते म्या पाह्यलं."

आपल्याला लाज वाटतेय, हे कळायलाही कमरुन्निसाबींना थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या बुरखा घालून, पाचवी पट्टी लावलेलं लेकरू छातीशी धरून भिकाबाईच्या दारात गेल्या. तिच्या कानाशी लागून हळूच म्हणाल्या, "चूक माझी झाली. याला घे."

भिकाबाईनं हात पाठीमागे नेले.

"तवा गल्लीला ऐकू जाईल असं बोललात, बीबी. आता कानात सांगून राहिलात."

पलीकडच्या दारांत बाया उभ्या होत्या. आजवर या गल्लीनं कमरुन्निसाबींचा आवाज भिंतीपलीकडूनच ऐकला होता. त्यांनी तोंडावरचा नकाब वर केला आणि त्या गल्लीकडे वळून ओरडल्या, "तेल म्या लावत व्हते! भिकाबाईनं न्हाई, म्या!"

आवाज चिरकला. मकबूल दचकून रडायला लागला. भिकाबाईनं हात पुढे केले.