मामांची साक्ष

पबवर आवाजाची तक्रार आली तेव्हा मालकिणीला आधी खरंच वाटेना. तिचा पब म्हणजे गल्लीच्या टोकाला दोन खोल्या. गाणी इतकी हळू की गिऱ्हाइकंच 'जरा वाढवा की' म्हणून मागे लागायची. पण शेजारच्या सिस्टरनी अर्ज केला होता, आणखी दोन बिऱ्हाडांनी त्यावर सह्या ठोकल्या होत्या. परवान्याचा फेरविचार होणार, सुनावणीला हजर राहा, असा निरोप कार्यालयातून आला.

सिस्टर इस्पितळात रात्रपाळी करायच्या. संध्याकाळ ही त्यांची झोपेची वेळ, आणि नेमकी तेव्हाच पबात मामांची बैठक रंगात यायची.

मामा म्हणजे मालकिणीचे सख्खे मामा. उभा जन्म छापखान्यात गेला, तिथल्या धडधडाटात कानही गेले. मामांना मात्र ते मान्य नव्हतं. "हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांचे दोघे जिवलग, एक शिंपी आणि एक निवृत्त मास्तर, बेंबीच्या देठापासून ओरडून गप्पा मारायचे. मामा त्याहून वरच्या पट्टीत उत्तर द्यायचे. भिंतीपलीकडे सिस्टर कानावर उशी दाबून पडायच्या.

जरा विचार केल्यावर मालकिणीलाही हे सगळं उमगलं. पण मामांना सांगायचं कसं? नवरा गेल्यावर ती पब चालवायला उभी राहिली, तेव्हा सगळे नातेवाईक नाकं मुरडत होते. मामा मात्र इस्त्रीचा कोट घालून पहिलं गिऱ्हाईक म्हणून येऊन बसले होते, आणि दिवसभर उठले नव्हते.

सुनावणीलाही ते तोच कोट घालून आले. भाचीच्या बाजूनं बोलायला.

"नेमका कसला आवाज होतो?" अधिकारीबाईंनी सिस्टरना विचारलं.

"गाण्यांचा नाही हो, बोलण्याचा. शिंपीकाकांच्या सुनेला दिवस गेलेत, हे मला त्यांच्या नातलगांच्या आधी कळलं. मास्तरांचं पोट कशानं बिघडलं तेही मला ठाऊक आहे. माणसं वाईट नाहीत, बाई. पण मला झोप पाहिजे. रात्री पेशंटला सुई टोचताना माझा हात थरथरला तर कसं चालेल?"

मालकिणीनं मान खाली घातली. हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"काय म्हणतात त्या?" मामांनी विचारलं. मास्तर छताकडे बघू लागले, शिंपी स्वतःच्या बुटांकडे. कुणी सांगेना, तेव्हा मामा उठून उभेच राहिले.

"मॅडम, मी रोज तिथे बसतो. माझ्या भाचीच्या पबाइतकी शांत जागा शोधून सापडायची नाही. मला तर आजवर तिथे कसलाच आवाज ऐकू आलेला नाही!"

खिडकीची काच थरथरली. कारकुनानं लिहिणं थांबवलं. अधिकारीबाईंनी तोंडाला रुमाल लावला आणि बऱ्याच वेळानं मालकिणीला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

एक वाक्य पुरलं असतं. पण मामा तिच्याकडे बघत होते, खटला जिंकून दिल्यासारखे.

"चूक माझी आहे, मॅडम. मी बंदोबस्त करते."

बाईंनी महिन्याची मुदत दिली. पुन्हा तक्रार आली तर पब संध्याकाळचा बंद.

जिना उतरताना मामांनी विचारलं, "जिंकलो ना?" तिनं हळूच सांगून पाहिलं. "अं?" मामा म्हणाले. तिनं जरा मोठ्यानं सांगितलं. पुन्हा "अं?" शेवटी तिचा बांध फुटला. "मामा, तुला ऐकू येत नाही! आवाज तुमच्याच टेबलाचा होतो!"

वरच्या मजल्यावरची दारं उघडली.

"मग ओरडतेस कशाला?" मामा म्हणाले आणि तिथेच पायरीवर बसले.

त्यानंतर मामा पबात फिरकले नाहीत. शिंपी आणि मास्तर यायचे, पण हळू बोलायची सवयच मोडलेली, त्यामुळे दोघं गप्प बसून निघून जायचे. सिस्टरना झोप मिळत होती, परवान्याला धोका नव्हता, आणि मालकिणीला मात्र घास गिळवत नव्हता. रविवारी ती मामांच्या खोलीवर गेली. ते खिडकीशी मटार सोलत बसले होते. तीही समोर बसून सोलायला लागली.

"तुझी मामी होती तोवर मला पत्ताच लागला नाही," मामा आपण होऊन म्हणाले. "काही सांगायचं असलं की हातातलं काम टाकून ती माझ्यासमोर येऊन उभी राहायची. मला वाटायचं, हिला माझं तोंड बघायला आवडतं. कधी एका शब्दानं बोलली नाही बघ."

मालकिणीनं त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश म्हटलं, "तोंडही आवडायचंच तिला."

पहिल्या झटक्यात ऐकू आलं. मामा हसले, आणि मग डोळे पुसत बसले.

पुढच्याच आठवड्यात दोघं जाऊन कानाचं मशीन घेऊन आले. मालकिणीनं मामांचं टेबल रस्त्याकडच्या बाजूला हलवलं आणि सिस्टरच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत बाटल्यांची खोकी रचली. मामा परतले त्या संध्याकाळी शिंप्यानं आनंदानं नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. मामा दचकले.

"हळू! मी काय बहिरा आहे?"

महिना भरल्यावर अधिकारीबाई स्वतः येऊन बघून गेल्या. टेबल आहे तिथेच राहील, खोकी हलायची नाहीत, या अटींवर परवाना कायम झाला. त्याच दिवशी मामा कोट घालून सिस्टरच्या दारात गेले आणि हात जोडून उभे राहिले. सिस्टरनी त्यांना आत बोलावलं, चहा दिला, आणि मशीन कानात नीट कसं बसवायचं तेही दाखवलं.

आता सुट्टीच्या दिवशी सिस्टर पबात येतात. पत्त्यांत त्या मामांना सपाटून हरवतात, आणि भाची मधेमधे बोलते म्हणून आपला डाव बिघडतो, असं मामा सगळ्यांना सांगत असतात.